सोपाऱ्याचे बंदर

मुलांनो, आपल्या हिवरखेडहून समुद्र फार दूर. म्हणून नालासोपाऱ्यास उतरताच मी प्रथम बंदराची वाट विचारली. पण बंदर आता आहे कोठे? समुद्र तर काही मैल पश्चिमेस!

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका सागरी प्रवासवर्णनात ह्या बंदराचे नाव ‘सुप्पारा’ असे आढळते. ज्या खाडीतून गलबते येत, ती पुढे गाळाने भरत गेली.

ग्रीसमधील ऱ्होड्सची गोष्ट ह्याच्या उलट. तेथील सूर्यदेवाचा सुमारे ३३ मीटर उंचीचा ब्राँझचा पुतळा इ. स. पूर्व २२६च्या सुमारास भूकंपाने कोसळला. आज त्याचा मागमूसही नाही. बंदर मात्र गजबजलेलेच आहे.

सोपाऱ्यास बंदर गेले आणि विटांचा पडका स्तूप राहिला. लोक त्यास बुरुड राजाचा कोट म्हणत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी तो खणविला, तेव्हा मोठ्या दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक निघाले: बाहेर तांब्याचा, मग चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात कोणते रत्न असेल बरे? मातीच्या भिक्षापात्राचे काही तुकडे!