आग ओकणारे सर्प आणि उरलेलीं माणसें

वीरानें सर्पास मारल्याची कथा बहुतेक प्राचीन राष्ट्रांच्या वाङ्मयांत सांपडते. आपल्या ऋग्वेदांत इंद्र अहीला, म्हणजे वृत्राला, मारून कोंडलेलें पाणी मोकळें करतो. पारशांच्या अवेस्तांत अझि दहाक नांवाचा तीन तोंडांचा राक्षसी सर्प आहे; त्यांतील 'अझि' आणि आपला 'अहि' हे एकाच मूळ शब्दाचे दोन उच्चार होत. ग्रीक भाषेंतील ज्या 'द्राकोन' शब्दावरून इंग्रजींतील 'ड्रॅगन' आला, त्याचा धातु 'पाहणें' या अर्थाचा असून तो संस्कृत 'दृश्' धातूचा सगोत्र आहे, असें व्युत्पत्तिशास्त्रज्ञ मानतात. ज्याची नजर भेदक, तो ड्रॅगन. हा अर्थ श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा; पुढें त्याचें काम पडणार आहे.

या सर्व कथांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. वीर पडला तरी त्याच्या मागें नांदतें गांव उरतें. इंग्रजीच्या आद्य काव्यांतील बेओवुल्फ हा म्हातारा राजा ड्रॅगनशीं लढतां लढतां मरतो, पण त्याला अग्नि द्यावयास त्याचे लोक हजर असतात. सर्पच जिंकला, आणि अग्नि द्यावयासही कोणी उरलें नाहीं, तर काय, हा प्रश्न जुन्या कवींनीं फारसा विचारला नाहीं. तो एका बोलपटानें विचारला आहे. २००२ सालच्या जुलै महिन्यांत प्रदर्शित झालेल्या त्या बोलपटाचें नांव 'रेन ऑफ फायर', म्हणजे अग्नीचें राज्य. दिग्दर्शक रॉब बोमन. मुख्य नट क्रिश्चन बेल व मॅथ्यू मकॉनही. त्याच्याविषयीं मी आज आपल्यापुढें बोलणार आहें.

कथा लंडन शहरांत सुरू होते. जमिनीखालच्या रेल्वेसाठीं बोगदा खणण्याचें काम चाललें आहे. त्या कामावरील एका बाईंचा क्विन नांवाचा शाळकरी मुलगा आईला भेटावयास खालीं येतो. खणतांना एक पोकळी लागते, मुलगा कुतूहलानें आंत शिरतो, आणि युगानुयुगें निजलेला एक प्राणी जागा होतो. आई मुलाला लिफ्टमधून वर आणीत असतां मरते, मुलगा वांचतो. पुढचीं वर्षें भराभर सरतात. ड्रॅगनांची संख्या वाढते, शहरें जळतात, माणसें अणुबाँब टाकतात आणि शत्रूबरोबर स्वतःचेंही उरलेंसुरलें जाळून घेतात. मग पडदा उघडतो तो २०२० सालीं. (तें साल आतां होऊन गेलें. त्या सालीं जगाला घरांत कोंडणारा शत्रु खराच आला, परंतु तो आकाशांतून आला नाहीं आणि डोळ्यांना दिसलाही नाहीं.) क्विन आतां जाणता पुरुष झाला आहे. उत्तर इंग्लंडांतील नॉर्थंबर्लंड परगण्यांतील एका पडक्या किल्ल्यांत कांहीं माणसें व पुष्कळशीं मुलें घेऊन तो कसाबसा दिवस काढीत आहे. हीं दृश्यें प्रत्यक्षांत आयर्लंडच्या विकलो डोंगरांत घेतलीं आहेत. तो उजाड, ओला प्रदेश कथेला चांगला शोभतो.

अशा कथेंत शास्त्र शोधूं नये असें म्हणतात. परंतु या बोलपटानें आपल्या ड्रॅगनांना जादूचे न ठेवतां प्राण्यांच्या वर्गांत बसविण्याचा प्रयत्न केला आहे, सबब त्यांची परीक्षा घेण्याचा आपणांस अधिकार पोंचतो.

पहिला प्रश्न आहाराचा. हे ड्रॅगन जाळलेल्या वस्तूंची राख खातात, असें येथें सांगितलें आहे. ही कल्पना टिकणारी नाहीं. लांकूड वा मांस जळतें तेव्हां त्यांत सांठविलेली सूर्याची शक्ति उष्णतेच्या व प्रकाशाच्या रूपानें निघून जाते. मागें उरते ती राख, म्हणजे मुख्यतः चुना, पोटॅश वगैरे क्षार. झाडाला तिचा खत म्हणून उपयोग होतो, पण प्राण्याचें पोट भरण्याजोगें तींत कांहीं नसतें. आधीं अन्न जाळावयाचें आणि मग राखेवर जगावयाचें, हा शिधा चुलींत घालून चूल चाटण्याचा प्रकार झाला.

गंमत अशी कीं, याच चुकीच्या कल्पनेला लागून एक गोष्ट खरीच्या अगदीं जवळ गेली आहे. डायनोसॉर ड्रॅगनांनींच जाळून नाहींसे केले आणि नंतर खावयास कांहीं न उरल्यामुळें ते स्वतः भूगर्भांत निजले, अशी बोलपटाची उपपत्ति आहे. आतां शास्त्राची उपपत्ति ऐका. १९८० सालीं लुई आल्व्हारेझ, त्यांचे चिरंजीव वॉल्टर व त्यांचे सहकारी यांनीं असें दाखविलें कीं, डायनोसॉर ज्या काळीं नष्ट झाले, त्या काळच्या मातीच्या पातळ थरांत इरिडियम या धातूचें प्रमाण विलक्षण आहे. हा धातु पृथ्वीच्या पृष्ठभागावर दुर्मिळ, अशनींत मात्र विपुल. त्यावरून, सुमारें सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीं एक प्रचंड अशनि येऊन आदळला असावा, असें अनुमान निघालें. मेक्सिकोंतील चिक्शुलूब येथें जमिनीखालीं दडलेलें सुमारें १८० किलोमीटर व्यासाचें विवर त्याचीच खूण होय. आणि १९८५ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, त्याच मातीच्या थरांत काजळीही आहे! ती अरण्यें पेटल्यामुळें आली, कीं जेथें आघात झाला तेथील खडकांतल्या सेंद्रिय द्रव्यापासून आली, याबद्दल मतभेद आहेत. पण त्या वेळीं आकाश काजळलें होतें हें खास. म्हणजे आग लागली होती, लावणारा ड्रॅगन नव्हता.

या प्रकरणाचा आपल्या घराशींही संबंध आहे. ज्या काळ्या पाषाणाचा आपला सह्याद्रि बनला, ज्यांत अजिंठा-वेरूळचीं लेणीं कोरलीं गेलीं, तो पाषाण म्हणजे त्याच सुमारास दख्खनवर थरांवर थर पसरलेला लाव्हारस. त्या उद्रेकांचा डायनोसॉरांच्या नाशांत कितपत हात होता, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. तेव्हां अग्नीच्या राज्याची निशाणी पाहण्यासाठीं लंडनला जाण्याचें कारण नाहीं; खंडाळ्याच्या घाटांत आगगाडीच्या खिडकींतून ती दिसते.

उडण्याचा हिशेब थोडक्यांत सांगतों. प्राण्याची लांबी दुप्पट केली कीं पंखाचें क्षेत्रफळ चौपट होतें, वजन मात्र आठपट होतें. म्हणून उडणाऱ्या जिवाला आकाराची मर्यादा आहे. टेक्ससमध्यें ज्याचीं हाडें मिळालीं तो क्वेत्झालकोआट्लुस हा पुरातन उडता सरपटवर्गीय प्राणी ज्ञात उडत्या जिवांत सर्वांत मोठ्यांपैकीं एक. त्याच्या पसरलेल्या पंखांचा विस्तार दहा-अकरा मीटर होता. पडद्यावरचा नर त्याला सहज गिळील, आणि म्हणूनच त्याला उडतां येणार नाहीं.

आग ओकण्याच्या बाबतींत मात्र मी या मंडळींना बरे गुण देईन. ड्रॅगनाच्या तोंडांत दोन ग्रंथींतून दोन भिन्न द्रव्यें येतात, तीं मिसळलीं कीं पेट घेतात, अशी त्यांची योजना आहे. सृष्टींत याचा एक लहानसा नमुना खरोखरच आहे. बाँबार्डियर भुंगा नांवाच्या किड्याच्या पोटाच्या टोंकाशीं एका कोठडींत हायड्रोक्विनोन व हायड्रोजन पेरॉक्साइड यांचें मिश्रण असतें व दुसरींत त्यांना चेतविणारें एन्झाइम असतें. किडा डिवचला गेला कीं दोन्ही एकत्र येतात, आणि जवळजवळ उकळत्या पाण्याइतका कढत फवारा फट्‌दिशीं शत्रूच्या अंगावर उडतो. ज्वाला निघत नाहीं, पण बेडकाला तोंडांतला घास टाकावयास लावण्याइतका तो पुरेसा आहे.

आतां लढाईकडे वळूं. किल्ल्यावर एके दिवशीं व्हॅन झॅन नांवाचा अमेरिकन आपली टोळी, एक रणगाडा आणि ॲलेक्स नांवाची वैमानिक चालवीत असलेलें हेलिकॉप्टर घेऊन येतो. त्यानें ड्रॅगन मारले आहेत. त्याचीं माणसें हेलिकॉप्टरांतून उड्या टाकतात, पडतां पडतां ड्रॅगनावर जाळें टाकण्याचा प्रयत्न करतात, आणि त्यांतलीं बरींचशीं जिवंत जमिनीवर पोंचत नाहींत. त्यानें दोन गोष्टी ताडल्या आहेत. एक, संधिप्रकाशांत ड्रॅगनाला नीट दिसत नाहीं. (भेदक नजरेवरून ज्याचें नांव पडलें, त्याचें मर्म दिवेलागणीच्या वेळच्या डोळ्यांत असावें, ही कल्पना व्युत्पत्ति पाहून केलेली नसावी, पण ती साधली आहे.) दुसरी, आजवर मारलेले सर्व ड्रॅगन मादी होते, सगळ्या जातीला नर एकच असून तो लंडनमध्यें आहे. त्याला मारलें कीं वंश खुंटेल.

नराच्या बाजूनें वंश तोडण्याची युक्ति माणसानें प्रत्यक्षांत वापरली आहे, आणि तीही न मारतां. जिवंत जनावरांच्या जखमांत अळ्या घालणारी स्क्रू-वर्म नांवाची माशी अमेरिकेंतील गुरांचा काळ होती. एडवर्ड निप्लिंग या कीटकशास्त्रज्ञानें हेरलें कीं, या माशीची मादी जन्मांत एकदांच संग करते. मग किरणोत्सर्गानें वांझ केलेले नर पुष्कळ संख्येनें सोडले, तर माद्यांचीं अंडीं फुकट जातील. १९५४ सालीं कुरासाओ बेटावर हा प्रयोग करून तेथील माशी निःशेष केली गेली. व्हॅन झॅनजवळ अशी सवड नाहीं. त्याच्याजवळ रणगाडा आहे आणि क्रोध आहे.

या ठिकाणीं बोलपटाचा खरा गाभा लागतो, आणि तो ड्रॅगनांविषयीं नाहीं. क्विनचें धोरण थांबण्याचें आहे. जमिनीखालीं राहावें, पीक जपावें, मुलें मोठीं करावीं; शत्रु उपासमारीनें मरेपर्यंत आपण जगलों म्हणजे जिंकलों. धोरण शहाणपणाचें आहे, पण त्याची किंमत रोज भरावी लागते. टोमॅटो पुरे पिकण्यापूर्वीं तोडावयाचे नाहींत असें क्विन सांगतो. भुकेनें कासावीस झालेला एक बाप आपलीं मुलें घेऊन चोरून शेतावर जातो, आणि तेथें ड्रॅगन त्यांना गांठतो. धीर धरा हें वाक्य भरल्या पोटानें उच्चारणें सोपें. रिकाम्या पोटाच्या पोरांकडे पाहत तें पाळणें किती कठीण, हें या एका प्रसंगांत जितकें उमटलें आहे, तितकें पुढच्या सगळ्या अग्निवर्षावांत उमटलेलें नाहीं.

व्हॅन झॅनला हें थांबणें म्हणजे हळूहळू मरणें वाटतें. तो किल्ल्यांतलीं धडधाकट माणसें सक्तीनें घेऊन लंडनकडे निघतो. क्विन बजावतो कीं, तुम्ही नराला डिवचलें तर तो तुमचा माग काढीत येथें येईल आणि मुलें मरतील. अक्षरशः तसेंच होतें. वाटेंतच नर त्या फौजेचा फडशा पाडतो व मग किल्ल्यावर येतो. क्विनचा जिवलग मित्र क्रीडी त्यांत जातो. म्हणजे क्विनचा इशारा खरा ठरला. परंतु वंश नराबरोबर संपेल, हा व्हॅन झॅनचा तर्कही शेवटीं खरा ठरतो. ज्याचा तर्क बरोबर त्याच्याच हातून सर्वनाश ओढवला, आणि ज्याचा इशारा बरोबर त्याच्याजवळ सुटकेचा उपाय नव्हता. लेखकांनीं कोणा एकाला मूर्ख ठरवून हा पेंच सोडविला नाहीं, याबद्दल त्यांची तारीफ केली पाहिजे.

इंग्रज प्रेक्षकाला हे प्रसंग निव्वळ काल्पनिक वाटले नसावेत. १९३९ सालच्या सप्टेंबरच्या आरंभीं, आकाशांतून आग पडणार या भीतीनें, इंग्लंडच्या शहरांतून सुमारें पंधरा लाख लोक अवघ्या कांहीं दिवसांत खेड्यापाड्यांत हलविले गेले. त्यांत बहुसंख्य शाळकरी मुलें होतीं आणि त्यांच्याबरोबर त्यांचे शिक्षक होते. पुढल्या वर्षीं बाँब पडूं लागले तेव्हां लंडनकर रात्रीं भुयारी रेल्वेच्या फलाटांवर निजत. एकेका रात्रीं दीड लाखांवर माणसें तेथें आश्रयाला असत. ज्या बोगद्यानें तेव्हां आसरा दिला, त्याच प्रकारच्या बोगद्यांतून येथें संकट बाहेर काढलें आहे.

माझ्यासारख्या जुन्या मास्तराचें लक्ष मात्र एका लहान प्रवेशानें वेधलें. रात्रीं किल्ल्याच्या तळघरांत मुलें गोळा झालीं आहेत. पुस्तकें नाहींत, चित्रपट नाहींत. क्विन व क्रीडी लुटुपुटीच्या तरवारी घेऊन मुलांपुढें एक नाटुकलें करतात: काळ्या वेषांतला दुष्ट योद्धा, त्याच्याशीं लढणारा तरुण, आणि 'मीच तुझा बाप' हा गौप्यस्फोट. आपण ओळखतों कीं, हा १९८० सालच्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या बोलपटांतला प्रसंग आहे. त्या पोरांना हें ठाऊक असण्याचें कारण नाहीं. तीं श्वास रोखून ऐकतात. ग्रंथ जळाले कीं वाङ्मय असें पुन्हां कंठांत येऊन राहतें. कोणता ग्रंथ वांचावा हें त्या वेळीं पंडितांना विचारलें जात नाहीं. हयात असलेल्या दोन माणसांना जें आठवतें, तें वांचतें.

दोषही सांगितले पाहिजेत. शेवटची झुंज उरकल्यासारखी वाटते. व्हॅन झॅन कुऱ्हाड घेऊन ड्रॅगनाच्या तोंडांतच उडी घेतो, हें पाहून टाळी वाजवावी कीं हसावें हें कळेना. जाहिरातीच्या चित्रांत लंडनच्या आकाशांत हेलिकॉप्टरें व ड्रॅगन यांची रणधुमाळी रंगविली होती. ती पाहावयास गेलेल्यांना ती सांपडली नाहीं, कारण तो काळ बोलपटानें वगळलाच आहे. सुमारें सहा कोटी डॉलर खर्चून जगभरांतून सव्वाआठ कोटींच्या आसपास उत्पन्न झालें, आणि त्यांतला नाटकगृहवाल्यांचा वांटा वजा जातां हा व्यवहार फायद्याचा म्हणतां येत नाहीं. घरांत लहान मुलें असल्यास त्यांना हा दाखवूं नये. आगीचे प्रसंग फार अंगावर येतात.

नर मरतो तो क्विनच्या हातून, आग ओकावयास त्यानें तोंड उघडलें असतां. त्यानंतर कित्येक महिने आकाशांत एकही ड्रॅगन दिसत नाहीं, आणि क्विन, ॲलेक्स व जॅरेड नांवाचा, क्विननें आगींतून वांचवून वाढविलेला मुलगा, हे तिघे टेकडीवर रेडिओचा मनोरा उभारीत असतात. यंत्रांतून खरखर येते आणि तींतून फ्रान्समधील कोणा माणसाचा आवाज. तेथेंही माणसें उरलीं आहेत. त्यांना येथल्या प्रमुखाशीं बोलावयाचें आहे. क्विन पुढें होत नाहीं; तो जॅरेडलाच बोलावयास सांगतो.