बालकांचे पातळ औषध : गोडीमागील जबाबदारी

तापाने फणफणलेल्या तान्ह्या बालकास गोळी गिळता येत नाही. म्हणून त्याच्यासाठी औषध पातळ, गोड व सुवासिक करावे लागते. आपल्या सिल्वासा परिसरात औषधांचेही कारखाने आहेत. तेथे वजन करणारे, मिश्रण ढवळणारे आणि बाटल्या भरणारे हात आपल्यासारख्याच कुटुंबांतले असतात. तेव्हा हे औषध कसे सिद्ध होते, हे कामगारांनी व मातापित्यांनी दोघांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

शुद्ध पाण्यात साखर विरघळवून घट्ट पाक करतात. शंभर भागांत सुमारे 66 भाग साखर असली, की त्यात सूक्ष्म जंतूंना सहसा वाढता येत नाही. जे औषध पाण्यात विरघळत नाही, त्याची बारीक पूड द्रवात तरंगत ठेवतात. ती पूड हळूहळू तळाशी बसते. बाटली न हलविता औषध दिल्यास बालकाला आरंभी कमी व शेवटी अधिक औषध मिळते. काही औषधे विरघळविण्यासाठी ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल हे द्रव वापरतात. खरा धोका येथेच दडलेला असतो.

डायएथिलीन ग्लायकॉल नावाचे एक औद्योगिक द्रव्य आहे. तेही रंगहीन, दाट व चवीला गोड असते. परंतु ते मूत्रपिंडे निकामी करते. डोळ्यांना वा जिभेला त्याची ओळख पटत नाही. अमेरिकेत 1937 साली एका गोड औषधात ते वापरले गेले व शंभरांहून अधिक माणसे दगावली. त्या औषधाचा रंग, वास व चव तपासली होती. ते विषारी आहे की काय, हे मात्र कोणी पाहिले नव्हते. त्यानंतर 1938 साली त्या देशाने कडक कायदा केला.

आपल्या शेजारच्या मुंबईतही हा कटू प्रसंग घडला. 1986 साली जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीन दिल्यामुळे 14 रुग्ण मृत्यू पावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी करून खरेदी व तपासणीतील गैरव्यवहार उघडकीस आणले. तथापि पुढे 2022 साली गांबियात सुमारे सत्तर बालके, आणि 2025 साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक बालके अशाच दूषित औषधांना बळी पडली. या विषाची कमाल मर्यादा शेकडा 0.1 असताना छिंदवाड्याच्या प्रकरणातील औषधात ते शेकडा 48 हून अधिक आढळले!

यावर उपाय अवघड नाही. ग्लिसरीनचे प्रत्येक पिंप उघडताच त्यातील नमुना प्रयोगशाळेत तपासावा आणि निर्णय हाती येईपर्यंत त्यातील थेंबही वापरू नये. पुरवठादाराच्या कागदावर विसंबून केलेली सही ही तपासणी नव्हे. ती सही एखाद्या अनोळखी मातेच्या विश्वासाशी केलेली प्रतारणा ठरू शकते.

मातापित्यांचेही काही कर्तव्य आहे. खोकल्याचे औषध स्वतःच्या मनाने आणू नये. दोन वर्षांखालील बालकांना तर ते देऊच नये, असे शासनाने 2025 साली बजावले आहे. पॅरासिटामॉल 5 मिलिलिटरमध्ये कुठे 120, तर कुठे 250 मिलिग्रॅम असते. थेंबांच्या बाटलीत ते त्याहूनही तीव्र असते. म्हणून लेबल वाचावे आणि घरातील चमच्याऐवजी बाटलीसोबतच्या मापानेच औषध द्यावे. कोरड्या पुडीच्या औषधात उकळून थंड केलेले पाणी खुणेपर्यंतच घालावे व लेबलवरील मुदत संपताच उरलेले टाकून द्यावे. औषध घेतल्यावर बालकास लघवी कमी होऊ लागली, वारंवार उलट्या झाल्या अथवा ते निपचित पडले, तर क्षणाचाही विलंब न लावता बाटलीसह रुग्णालय गाठावे.

पवित्र शास्त्रातील बेन सिराच्या ग्रंथात वैद्याबरोबरच औषध सिद्ध करणाऱ्याच्या कामाचाही आदराने उल्लेख आहे. कारखान्यात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना घरोघरी सायंप्रार्थनेच्या वेळी याची आठवण करून द्यावी. न तपासलेले पिंप पुढे ढकला, असे कोणी फर्मावले, तर नम्रपणे पण ठामपणे नकार देण्याचे बळ त्यांना लाभावे, एवढीच प्रभूचरणी प्रार्थना.