ओळीनें पांच वर्षें

येलदरी हें परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यांतील गांव. पूर्णा नदीवरील धरणामुळें आज तें सर्वांस ठाऊक आहे. १९५० सालीं मात्र तेथें धरण नव्हतें, आणि तो सारा मुलूख हैदराबाद राज्यांत मोडत होता. त्याच सालीं त्या राज्याच्या राजधानींतून मुंबईस आलेल्या एका संघानें फुटबॉलचा रोव्हर्स चषक जिंकला. ही गोष्ट आपल्या घरांतून फारशी बोलली जात नाहीं, म्हणून येथें सांगत आहे.

रोव्हर्स चषकाचे सामने मुंबईस १८९१ सालीं सुरू झाले. पहिला मान वूस्टरशायर पलटणीनें मिळविला, व पुढें दीर्घकाळ गोऱ्या पलटणींचाच तेथें वरचष्मा राहिला. हिंदी संघाच्या हातीं तो चषक प्रथम आला १९३७ सालीं. तो संघ बंगलोर मुस्लिम्स.

असल्या स्पर्धेचा नियम मोठा निष्ठुर असतो. हरला तो बाहेर! सोळा संघ उतरले, तर निकालास पंधरा सामने लागतात. कारण प्रत्येक सामना एकाच संघास घरीं पाठवितो. विजेत्यानें मात्र ओळीनें चारही फेऱ्या जिंकल्या पाहिजेत. एका दुपारीं पाय घसरला, कीं वर्षाची मेहनत व्यर्थ. असा चषक एकदां मिळण्यास दैवाची कृपा पुरेल. परंतु हैदराबाद सिटी पोलीस संघानें तो १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीनें पांच वेळां जिंकला. शिवाय १९५० सालचा ड्युरँड चषकही त्यानें मोहन बागानास हरवून मिळविला. हें कांहीं नुसत्या दैवाचें काम नव्हे.

तें काम मुख्यत्वें एका शिक्षकाचें होतें. सय्यद अब्दुल रहीम हे व्यवसायानें शाळामास्तर. खेळाडूनें आपल्या दुबळ्या पायानेंच चेंडू मारावा, किंवा चेंडू घोळवीत न बसतां लगेच सोबत्याकडे द्यावा, असे नियम घालून ते खास सामने भरवीत. उणीव झांकूं नये, तिचाच अभ्यास करावा, हा त्यांचा पाठ. नूर महंमद, लतीफ, अझीझुद्दीन असे खेळाडू ह्या संघांतून राष्ट्रीय संघांत गेले. रहीम यांच्याच हाताखालीं भारतानें १९५१ सालीं दिल्लीस व १९६२ सालीं जकार्ता येथें आशियाई सुवर्णपदक मिळविलें.

येथें एक नाजूक प्रश्न उभा राहतो. सप्टेंबर १९४८ पूर्वींचे दिवस मराठवाड्यांतील कित्येक कुटुंबांनीं भयांत काढले. कांहींस घरदार सोडावें लागलें. अशा घरांत ‘हैदराबादचे पोलीस’ हे शब्द गोड कसे वाटावेत? ती जखम खरी होती, आणि तिचा विसर पडावा असें कोणी म्हणूं नये. परंतु राज्यकर्त्यांच्या अपराधाचा हिशेब अकरा खेळाडूंकडे मागणें न्यायाचें नाहीं. त्यांनीं जें मिळविलें, तें हुकमाच्या जोरावर नव्हे. मैदानावर शिट्टी वाजली, कीं समोरच्यासही तितकेच गडी आणि तोच नियम.

पुढें १ नोव्हेंबर १९५६ रोजीं परभणी जिल्हा मुंबई राज्यांत आला. ज्या गांवीं चषक खेळला गेला तें मुंबई आतां आपल्या राज्याची राजधानी झालें, व ज्या गांवानें तो जिंकला तें हैदराबाद परकें झालें. ह्या सरहद्दीच्या हालचालींत ती आठवण दोहींकडून निसटली. स्पर्धाही २०००-०१ च्या हंगामानंतर बंद पडली.

तरी रहीम मास्तरांचा पाठ बंद पडण्याचें कारण नाहीं. येलदरीस सहलीला जाल, तेव्हां मुलांबरोबर चेंडू अवश्य न्या. आणि प्रथम दुबळ्या पायानें मारावयास सांगा. पहिले दहा फटके वांकडे जातील. हंसूं नका; अकराव्याची वाट पाहा.