विश्लेषण : सर्व्हर रूमच्या फरशीलाही अर्थिंग का हवे?

जूनच्या तोंडावर यवतमाळ जिल्ह्यात दोन गोष्टी एकदमच येतात : पीककर्जासाठी बँकांपुढच्या रांगा आणि आकाशातल्या विजा. सातबारा, कर्ज, पीकविमा सारेच संगणकावर आल्याने सर्व्हर बंद पडला की रांग जागीच थांबते. सर्व्हर रूममध्ये एसी आणि यूपीएसकडे लक्ष दिले जाते. पायाखालची फरशी मात्र दुर्लक्षित राहते.

ही फरशी वेगळी कशी?

अनेक सर्व्हर रूममध्ये मूळ जमिनीच्या वर लोखंडी पायांवर दुसरी फरशी उभारतात. तिला ‘फॉल्स फ्लोअर’ म्हणतात. साधारण 600 बाय 600 मिलिमीटरच्या उचलता येणाऱ्या लाद्यांखालून केबल आणि थंड हवा खेळते. पाय जमिनीवर टेकलेले असले, तरी सिमेंटवर टेकणे म्हणजे अर्थिंग नव्हे.

धोका कोणता?

धोके दोन. केबलचे आवरण फाटून वीज लोखंडी सांगाड्यात उतरली, तर फरशीवर उभ्या माणसाला शॉक बसू शकतो. दुसरा धोका स्थिर विजेचा. कोरड्या हवेत चालताना शरीरावर विद्युतभार साठतो. माणसाला चटका जाणवतो तो साधारण 3 हजार व्होल्टला. काही नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग मात्र 100 व्होल्टच्या आतही निकामी होऊ शकतात. लादी विद्युतभार वाहून नेणारी असली, तरी त्याला पुढे जमिनीपर्यंत वाट हवी.

जोडणी कशी करतात?

फरशीखाली तांब्याच्या तारेची जाळी टाकून ती पायांना क्लॅम्पने आवळतात. आडव्या पट्ट्या बोल्टने घट्ट बसवलेल्या असतील, तर साधारणपणे दर चौथा ते सहावा पाय जोडतात. जोडाच्या जागेचा रंग खरवडावा लागतो. रॅक, केबल ट्रे, एसीचा सांगाडा हेही स्वतंत्र तारेने जोडून सारे खोलीतील एकाच अर्थिंग पट्टीवर आणतात. यालाच बाँडिंग म्हणतात.

सर्व्हरसाठी वेगळा खड्डा खोदला तर?

तो इमारतीच्या अर्थिंगला जोडलेला नसेल, तर घातक ठरतो. समजा, जवळ वीज पडून इमारतीच्या 2 ओहमच्या खड्ड्यात 10 हजार अँपियरचा प्रवाह उतरला. त्या क्षणी तिथला दाब 20 हजार व्होल्टवर जातो आणि वेगळा खड्डा खालीच राहतो. हा फरक सर्व्हरमधूनच वाट काढतो. सारे एकत्र बांधलेले असेल, तर दाब सगळीकडे जवळपास सारखाच चढतो आणि यंत्रे वाचण्याची शक्यता वाढते. म्हणून खड्डे कितीही असोत, ते एकमेकांना जोडलेले हवेत.

यवतमाळमध्ये वेगळी काळजी का?

जिल्ह्यात काळी माती आहे आणि अनेक ठिकाणी थोडे खोदले की बेसाल्टचा खडक लागतो. काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते. ऑगस्टमध्ये मोजलेला अर्थिंगचा आकडा मेमध्ये टिकेलच असे नाही. त्यामुळे मोजणी कडक उन्हाळ्यात, पहिल्या विजांपूर्वी करणे हिताचे. अर्थिंगसाठी ‘आयएस 3043’ हे भारतीय मानक आहे.

काय तपासावे?

दोन-चार लाद्या उचलून तार आहे का, क्लॅम्प सैल किंवा गंजलेले आहेत का, हे पाहावे. पाय आणि अर्थिंग पट्टी यांच्यातील रोध एक ओहमपेक्षा बराच कमी हवा. बाहेरचा खड्डा कितीही चांगला असला, तरी आतला एक सैल क्लॅम्प तो निरुपयोगी ठरवू शकतो.