सुपातून सुटणारा दाणा टिपताना : स्लो मोशनचे गणित

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा हा वैनगंगेच्या काठचा, महाराष्ट्रातील गोंदियाला लागून असलेला धानाचा मुलूख. येथील सुवासिक चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मळणी झाली की खळ्यावर धान उपणायचे, ही या भागातील जुनी रीत. सूप खांद्याच्या उंचीवर धरायचे, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा आणि मनगटाच्या हलक्या हालचालीने धार सोडायची. भरलेला दाणा सरळ खाली येतो आणि फोल व भुसा वाऱ्यासोबत बाजूला जातो. मळणी यंत्रे आणि हार्वेस्टर शेतात उतरल्यापासून हे दृश्य विरळ होत चालले आहे. ते चित्रित करून ठेवावे असे वाटणाऱ्यांच्या हाती आज निदान मोबाइल तरी असतोच आणि त्यात स्लो मोशनची सोयही असते. तरीही हाती लागणारे चित्रण बहुधा काळवंडलेले, नाहीतर पुसट असते. याचा दोष प्रत्येक वेळी कॅमेऱ्याला देता येत नाही. लहान वस्तू जवळून आणि संथ गतीने दाखवायची म्हणजे वेग, अंतर आणि उजेड या तिघांचा मेळ घालावा लागतो. हा मेळ नेमका कसा घालायचा, ते पाहू.

काळ लांबतो कसा?

दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ साली, ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला होता. वाटाण्याच्या वाढत्या रोपाची चित्रे त्यांनी बऱ्याच दिवसांच्या अवधीत, अंतरा-अंतराने टिपली आणि नेहमीच्या गतीने पडद्यावर दाखवली. त्यामुळे अनेक दिवसांची वाढ काही क्षणांत दिसली. स्लो मोशन ही याच युक्तीची उलट बाजू आहे. येथे फ्रेम भराभर टिपायच्या आणि सावकाश दाखवायच्या. सेकंदाला २४० फ्रेम टिपून त्या सेकंदाला २५ या गतीने दाखवल्या, की प्रत्यक्षातील एक सेकंद पडद्यावर साडेनऊ सेकंदांहून अधिक काळ चालतो.

मात्र फोनवर ‘९६०’ असा आकडा दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. काही फोन एवढा वेग अगदी थोडा वेळच देऊ शकतात, तर काही फोन मधल्या फ्रेम स्वतःच्या अंदाजाने रचतात. दाण्यांच्या गर्दीत हा अंदाज चुकतो आणि दाणे एकमेकांत विरघळल्यासारखे दिसतात. त्यापेक्षा खरोखर टिपलेल्या १२० किंवा २४० फ्रेम कितीतरी विश्वासार्ह.

कॅमेरा सुपाच्या काठाशी

सूप जमिनीपासून सव्वा मीटर उंच आहे असे धरू. हवेचा अडथळा वगळला, तर दाणा सुमारे अर्ध्या सेकंदात जमिनीवर येतो आणि टेकताना त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ ५ मीटर असतो. आपल्या चित्रात दहा सेंटिमीटर उंचीचा भाग मावतो आहे असे समजू. जमिनीलगतचे हे दहा सेंटिमीटर दाणा सेकंदाच्या पन्नासाव्या भागात ओलांडतो. २४० च्या वेगानेही त्याच्या वाट्याला जेमतेम पाच फ्रेम येतात. पडद्यावर ते सेकंदाचा पाचवा भाग झाले, म्हणजे डोळ्याची पापणी लवली की दाणा गेला.

सुपाच्या काठावरून सुटल्यानंतरचे पहिले दहा सेंटिमीटर ओलांडायला मात्र त्याच दाण्याला सेकंदाचा सातवा भाग लागतो. तेवढ्यात चौतीस फ्रेम मिळतात आणि पडद्यावर तो जवळजवळ दीड सेकंद दिसतो. कॅमेरा तोच, वेगही तोच. फक्त जागा बदलल्याने दृश्य सात पट लांबले. म्हणून जवळचे चित्रण सुपाच्या काठाशी करावे. कौशल्यही तिथेच दिसते: मनगट किती कलते, धार कुठे जाड आणि कुठे पातळ होते, फोल दाणा कोणत्या क्षणी वेगळा होतो.

उजेडाचा हिशेब

चित्रपटाच्या नेहमीच्या संकेतानुसार शटरचा आकडा फ्रेमच्या दुप्पट ठेवतात. २४० फ्रेमसाठी तो साधारण १/५०० येतो. इतक्या वेळात सेकंदाला ५ मीटर वेगाचा दाणा एक सेंटिमीटर सरकतो, म्हणजे चित्रात दाण्याऐवजी रेघ उमटते. १/२००० ठेवले तर सुपाच्या काठाजवळचा दाणा एक मिलिमीटरही सरकत नाही आणि त्याचे टोक, कूस, तूस स्पष्ट दिसतात.

याची किंमत उजेडात मोजावी लागते. नेहमीच्या १/५० ऐवजी १/२००० म्हणजे चाळीसपट कमी प्रकाश. अॅपर्चर एफ/४ वरून एफ/८ वर नेले, की आणखी चौपट कमी. लेन्स जवळच्या वस्तूवर रोखल्याने साधारण दीडपट घट होते, ती वेगळीच. हे सारे गुणले तर २४० पट होते. ट्यूबलाइटच्या खोलीत दोन-तीनशे लक्स उजेड असतो आणि भर उन्हात सुमारे एक लाख. म्हणजे ही तूट भरून काढणारा दिवा सूर्यच. स्वच्छ उन्हात एफ/८, १/२००० आणि आयएसओ ८०० च्या आसपास ही सुरुवात चांगली ठरते. सकाळी लवकर किंवा झाडाच्या सावलीत तेच चित्रण करू गेल्यास आयएसओ बराच वाढवावा लागतो आणि चित्रात दाणेदारपणा येतो.

खळ्यावर ऊन नसेल आणि दिव्याखाली काम असेल तर आणखी एक अडचण येते. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने अनेक दिव्यांचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते जाणवत नाही, पण २४० फ्रेमच्या चित्रणात लुकलुक उघडी पडते. बॅटरीवरचा एलईडी दिवा वापरावा आणि आधी दहा सेकंदांचे चित्रण करून तपासावे, कारण मंद केलेले काही एलईडी बॅटरीवरही लुकलुकतात.

फोकस हाताने, चौकट आडवी

दहा सेंटिमीटरच्या चौकटीत मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर एफ/८ ला फक्त एक-दीड सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. स्वयंचलित फोकस पडत्या दाण्यांमागे धावत सुटतो, म्हणून तो बंद करावा. सुपाच्या काठावर फोकस हाताने साधून कॅमेरा तिपाईवर पक्का करावा. १०० मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सने अर्धा-पाऊण मीटर दूर राहूनही हे साधते. लेन्स धुळीपासून वाचते आणि काम करणाऱ्याला अडचण होत नाही.

मोबाइलमध्ये अॅपर्चर सहसा बदलता येत नाही. तरी बोट दाबून फोकस आणि उजेड कुलूपबंद करता येतो. त्याचा सेन्सर लहान असल्याने स्पष्टतेची खोलीही अधिक मिळते. व्हाइट बॅलन्स ‘ऊन’ यावर कायम ठेवावा, म्हणजे धानाचा सोनेरी रंग मधेच निळसर होणार नाही.

कॅमेरा वाऱ्याच्या दिशेला काटकोनात असावा. समोरून चित्रण केल्यास भुसा लेन्सवर येतो. बाजूने केल्यास दाण्याची सरळ वाट आणि भुश्याची तिरकी वाट एकाच चित्रात दिसते. ऊन मागून-बाजूने येत असेल, तर भुश्याचा प्रत्येक कण उजळतो.

शेवटी आकड्यांपलीकडची एक गोष्ट. खळ्यावर वारा आपल्या सोयीने पडत किंवा उठत नाही, आणि उपणणाऱ्या बाईला दिवसभराचे काम उरकायचे असते. ‘पुन्हा एकदा करून दाखवा’ म्हणण्याची वेळ येऊ नये, यासाठी सारी जुळवाजुळव घरीच, मूठभर धान आणि सूप घेऊन करून पाहावी. खळ्यावर आधी परवानगी घ्यावी आणि नंतर तिला चित्रण दाखवावे. गोव्यातील खाजन शेतीत पिकणाऱ्या कोरगुट भाताचे उपणणे टिपायचे असेल, तरी आकडे हेच लागू पडतील. हातांना जे वर्षानुवर्षे ठाऊक आहे, ते डोळ्यांना दिसावे एवढा वेळ स्लो मोशन देते. ते हात खळ्यावर आहेत तोवरच हा वेळ वापरून घ्यायला हवा.