परवाना आणि निगा

ज्यांच्या घरीं सातआठ वर्षांपूर्वींचा संगणक आहे, अशा वाचकांपुढें सध्यां एक प्रश्न उभा असेल. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ‘विंडोज १०’ या प्रणालीची नित्याची मोफत डागडुजी थांबविली. ठराविक मुदतीची वाढीव सोय सोडली, तर नव्या चोरवाटा बुजविणारें आतां कोणी नाहीं. आणि ‘विंडोज ११’ पुष्कळ जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाहीं. नवें यंत्र घ्यावें, कीं ‘लिनक्स’ ही मुक्त प्रणाली बसवावी, असा वाद अहिल्यानगरास आमच्या घरीं रंगला. आमचे निवृत्तिवेतनाचे कागद व घराचा सारा हिशेब त्याच यंत्रांत!

“वहिनी, परवान्याला पैसा नाहीं, मग खर्च कसला?” धाकटे चिरंजीव म्हणाले.

“भावोजी, बिघडलें तर बोलवायचें कोणाला?” घरचा जमाखर्च ठेवणाऱ्या थोरल्या सूनबाईंनीं विचारलें.

आम्हांस आपल्या जिल्ह्यांतील नेवाशाची आठवण झाली. शके १२१२ मध्यें तेथें सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीची नक्कल करण्यास कोणाचा परवाना लागला नाहीं. म्हणूनच ती दूरवर पोंचली; पण नकलांबरोबर अपपाठहि शिरले. शके १५०६ मध्यें पैठणच्या एकनाथांनीं ती शुद्ध केली. ग्रंथ मुक्त होता म्हणूनच त्यांस तो शुद्ध करतां आला. परंतु श्रम करावेच लागले.

लिनक्सचेंहि तसेंच आहे. १९९१ सालीं फिनलंडमध्यें लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें आरंभिलेल्या या प्रणालीची मूळ संहिता सर्वांस खुली आहे. आपल्या सी-डॅक संस्थेनें तीवरूनच ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली सिद्ध केली. तथापि ‘रेड हॅट’सारखी कंपनी निगेसाठीं वार्षिक वर्गणी घेतेच. विकत घेतलेल्या प्रणालींत कांहीं वर्षांची निगा किंमतींतच धरलेली असते. मात्र ती केव्हां संपवावयाची, हें विकणारा ठरवितो.

अखेर लिनक्स बसविली. छपाईचें यंत्र दोन दिवस रुसलें. कारागीर बोलवावा लागला. सूनबाईंनीं त्याजकडून सारी कृति शिकून वहीच्या शेवटच्या पानावर उतरून घेतली. पुढील पानावर ‘परवाना’ या सदरीं शून्य, आणि ‘निगा’ या सदरीं कारागिराची मजुरी मांडली आहे.

वाचकांनींहि निर्णयापूर्वीं हीं दोन सदरें आंखून पाहावीं. दुसऱ्या सदरापुढें घरांतील कोणाचें नांव लिहितां येत असेल, तर मुक्त प्रणाली खरोखरच स्वस्त पडेल.