वहिनींची बखर

घरोघरी जाऊन वहिनींमध्ये पैठणीसाठी खेळ घेणारं 'होम मिनिस्टर' टीव्हीवर १३ सप्टेंबर २००४ रोजी सुरू झालं, तेव्हा ते 'झी मराठी'वर नव्हतं. त्या वेळी वाहिनीचं नाव 'अल्फा मराठी' होतं. ते २००५ मध्ये बदललं. आज मात्र बहुतेक जण पहिल्या दिवसापासून 'झी मराठी' असंच म्हणतात. वाहिनीच्या नावासारखी ठळक गोष्ट जर एवढ्यात विस्मरणात जाते, तर ज्या घरांत सूत्रसंचालक आदेश बांदेकर 'भावोजी' म्हणून जाऊन आले, त्या घरांच्या आठवणींचं काय होत असेल? कोणत्या गावात, कोणत्या तारखेला, कोणत्या वहिनी समोरासमोर उभ्या राहिल्या, पैठणी कुणाला मिळाली, उखाणा काय घेतला, हे सलग आणि सगळ्यांना पाहता येईल असं लिहून ठेवलेलं माझ्या पाहण्यात नाही.

आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाला तीनशेच्या वर भाग होतात. मधले खंड वजा केले तरी एकूण आकडा हजारोंत जातो. एवढ्या मराठी बायकांनी कॅमेऱ्यासमोर स्वतःची ओळख करून दिली, लग्न कसं जमलं ते सांगितलं, सासूबद्दल बोलल्या, नवऱ्याची फिरकी घेतली, आपलं राहून गेलेलं शिक्षण बोलून दाखवलं. मराठी घराचा इतका मोठा दस्तऐवज दुसरा नसेल, असं मला मनापासून वाटतं. मागे भिंतीवरचं कॅलेंडर, शोकेसमधल्या ट्रॉफ्या, कोपऱ्यातलं पाण्याचं पिंप, नंतर नंतर दिसू लागलेला सपाट टीव्ही, हे सगळं त्यात आहे. त्याची सूची कुणी तरी करायला हवी, आणि ती प्रेक्षकांनीच करायला हवी, कारण कार्यक्रम ज्यांच्या घरात गेला ते लोक तेच आहेत.

मी जालना जिल्ह्यापुरतं बघतो. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा असे आठ तालुके. इथून सुरुवात करताना पहिली अडचण येते ती भारनियमनाची. कार्यक्रमाच्या पहिल्या दशकात मराठवाड्यातल्या खेड्यांत तासन् तास वीज नसायची आणि ऐन संध्याकाळी जायची. त्यामुळे इथल्या बायकांच्या आठवणी अर्ध्या भागाच्या असतात. खेळ बघितला, निकाल कळला नाही. किंवा निकाल दुसऱ्या दिवशी शाळेत मास्तरीणबाईंकडून कळला. अनेक गावांत तर तेव्हा फक्त दूरदर्शन दिसायचं. केबल तालुक्याच्या गावात थांबलेली होती आणि छत्रीवाल्या डिश घरोघर यायच्या होत्या. म्हणून कार्यक्रम प्रसारित झाल्याची तारीख आणि गावाने तो पाहिल्याची तारीख, या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

अशा कामाचा जगातला सगळ्यात चांगला नमुना अमेरिकेत आहे. 'जेपर्डी' हा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम एनबीसी वाहिनीवर ३० मार्च १९६४ ला सुरू झाला आणि पहिला अवतार १९७५ पर्यंत चालला. त्या अकरा वर्षांतले बहुतेक भाग आज नाहीत, कारण टेप महाग होत्या आणि वाहिन्या त्या पुसून पुन्हा वापरत. ब्रिटनमध्ये बीबीसीनेही हेच केलं. 'डॉक्टर हू' मालिकेच्या साठच्या दशकातल्या भागांपैकी नव्वदच्या वर भागांची चित्रं गेली. पण त्या सगळ्या भागांचा आवाज शिल्लक आहे, कारण काही पोरांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो भरून घेतला होता. संस्थेने पुसलं आणि प्रेक्षकाने राखलं.

'जेपर्डी' १९८४ मध्ये ॲलेक्स ट्रेबेक यांच्या सूत्रसंचालनाखाली नव्याने सुरू झालं. २००४ मध्ये त्याच्या चाहत्यांनी 'जे आर्काइव्ह' नावाचा संग्रह उभा करायला घेतला. प्रत्येक भागाची तारीख, स्पर्धकांची नावं, फळ्यावरचा प्रत्येक प्रश्न, कुणी बरोबर सांगितलं, कुणी चुकलं, हे सगळं हाताने टाइप केलेलं. आज त्यात पाच लाखांवर प्रश्न आहेत. रॉजर क्रेग या संगणकशास्त्रज्ञाने त्याच साठ्यावरून कोणते विषय किती वेळा येतात याचा हिशेब मांडला, त्याप्रमाणे अभ्यास केला आणि २०१० मध्ये एका दिवसात ७७,००० डॉलर जिंकून तेव्हाचा विक्रम केला. चाहत्यांनी प्रेमापोटी भरलेल्या तक्त्यांतून एवढं निघालं.

त्याहून जुनी एक गोष्ट मला फार आवडते. १९८४ मध्ये ओहायो राज्यातला मायकेल लार्सन हा बेताच्या परिस्थितीतला माणूस 'प्रेस युअर लक' हा खेळ घरी व्हीसीआरवर भरून घ्यायचा आणि एक-एक चौकट थांबवून बघायचा. फळ्यावर फिरणारा दिवा सगळ्यांना मनमानी फिरतोय असं वाटायचं. लार्सनच्या लक्षात आलं की तो ठरावीक पाचच वाटांनी फिरतो. त्याने त्या पाठ केल्या, खेळात भाग घेतला आणि १,१०,२३७ डॉलर घेऊन घरी गेला. निर्मात्यांनी तपासून पाहिलं, नियम कुठे मोडलेला नव्हता, पैसे द्यावे लागले. ज्यांनी खेळ बनवला त्यांच्यापेक्षा तो खेळ एका प्रेक्षकाला जास्त ठाऊक होता. नोंद ठेवणारा माणूस असा कार्यक्रमाच्या आत शिरतो.

आपल्याकडे 'कौन बनेगा करोडपती'ची नोंद ठेवणं त्या मानाने सोपं. ३ जुलै २००० ला स्टार प्लसवर तो सुरू झाला. त्याच वर्षी मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला. २००७ चं पर्व शाहरुख खानचं, २०१० पासून वाहिनी सोनी. बक्षिसाची कमाल रक्कम एक कोटीवरून वाढत गेली, लाइफलाइन बदलत गेल्या. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे यांनी एक कोटी जिंकले, तो प्रसंग तर घराघरांत लक्षात आहे. मराठी आवृत्तीत मात्र सावध राहावं लागतं. २०१३ मध्ये सचिन खेडेकरांचं 'कोण होईल मराठी करोडपती' ई टीव्ही मराठीवर आलं. ती वाहिनी २०१५ मध्ये 'कलर्स मराठी' झाली. मग २०१९ मध्ये सोनी मराठीवर नागराज मंजुळेंचं 'कोण होणार करोडपती' आलं. नाव वेगळं, वाहिनी वेगळी, खेळ तोच. शोधणाऱ्याला दोन्हींकडून तिथे पोचता यावं अशी सोय करावी लागते. पण या कार्यक्रमाला प्रश्न आहे, पर्याय आहेत, रक्कम आहे. चौकटी आधीच आखलेल्या आहेत.

'होम मिनिस्टर'ला अशा चौकटी नाहीत. तिथे खेळ लुटुपुटूचा असतो, खरा ऐवज मधल्या बोलण्यात असतो. म्हणून नोंद कशाची करायची हे आधी ठरवावं लागतं. माझ्या मते सहा गोष्टी पुरतात: पहिल्या प्रसारणाची तारीख, गाव, खेळणाऱ्या वहिनी, निकाल, वहिनी काय काम करतात, आणि ही माहिती कुठून मिळाली. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. भाग स्वतः पाहून लिहिलं, वर्तमानपत्राच्या कात्रणावरून लिहिलं की घरच्यांनी सांगितल्यावरून, हे लिहिलं नाही तर चार वर्षांनी खरं-खोटं निवडता येत नाही. तारखेबाबत पुनःप्रसारण हमखास घोळ घालतं. लोक दुपारी पाहिलेल्या भागाची तारीख देतात, तो आदल्या संध्याकाळचा असतो. २००९ मध्ये बांदेकर माहीममधून विधानसभेची निवडणूक लढले, त्या सुमारास प्रसारणात खंड किंवा बदल झाला असू शकतो, म्हणून तेव्हाचे भाग वेगळे तपासावेत. २०२० च्या टाळेबंदीत 'घरच्या घरी' म्हणून व्हिडिओ कॉलवर खेळ झाला. तिथे सूत्रसंचालक एका गावी आणि वहिनी दुसऱ्या, म्हणून गावाचा रकाना वहिनीच्या घरावरून भरायचा. २०२२ च्या 'महामिनिस्टर'चं बक्षीस अकरा लाखांची पैठणी होतं. ते पर्व वेगळ्या पानावर ठेवावं, नाहीतर नेहमीच्या पैठणीच्या नोंदी त्याच्यापुढे झाकोळतात.

नावाचा प्रश्न मला वाटलं होतं त्याहून खोल निघाला. मराठवाड्यात लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत घरोघर होती. माहेरी एक नाव, सासरी दुसरं, आधार कार्डावर तिसरंच स्पेलिंग. टीव्हीवर सासरचं नाव सांगितलेलं असतं आणि माहेरची माणसं तिला त्या नावाने ओळखतच नाहीत. तिने सांगितलं तर दोन्ही नावं लिहावीत, आणि दोन्हींनी ती सापडावी. गावांचंही तसंच. जुन्या नोंदीत औरंगाबाद असेल, २०२३ नंतरच्या नोंदीत छत्रपती संभाजीनगर. दोन्ही नावं एकमेकांना जोडलेली हवीत. जुन्या मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळं तेव्हा युनिकोडमध्ये नव्हती, प्रत्येकाचा फाँट वेगळा. त्यातली बातमी आज शोधयंत्रात मराठीत टाइप करून सापडत नाही. त्यापेक्षा ग्रंथालयात बसून फाइल चाळणं लवकर होतं.

आता कायदा. भाग उतरवून आपल्या संकेतस्थळावर चढवणं चालणार नाही. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे प्रसारणाचा हक्क प्रसारणानंतरच्या वर्षापासून २५ वर्षं वाहिनीकडे असतो. २००४ च्या भागांचा तो २०२९ अखेरपर्यंत आहे. चित्रमुद्रित कार्यक्रमावरचा निर्मात्याचा हक्क ६० वर्षांचा. तारीख, गाव, निकाल ही मात्र माहिती आहे, तिच्यावर कुणाचा मालकी हक्क नाही. आपल्या शब्दांत लिहायला कुणाची आडकाठी नाही. त्यापेक्षा जपायचं ते खेळलेल्या वहिनीचं मन. एका संध्याकाळी टीव्हीवर येणं वेगळं आणि कायम इंटरनेटवर सापडणं वेगळं. कुणाचा संसार पुढे मोडला असेल, कुणी गेलं असेल. विचारल्याशिवाय पूर्ण नाव द्यायचं नाही, घराचा पत्ता आणि मुलांची नावं तर कधीच नाही, आणि नाव काढा म्हटलं की त्याच दिवशी काढायचं. असं केल्याने संग्रह अपुरा राहतो, राहू द्यावा.

या कामाला लागल्यावर माझं लक्ष दुसरीकडेही गेलं. 'होम मिनिस्टर'ने गावोगाव स्वतःची लेकरं जन्माला घातली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाच्या निमित्ताने आणि पुन्हा नवरात्रात आपल्याकडे 'खेळ पैठणीचा' रंगतो. चौकात नेत्यांच्या फोटोंचा फ्लेक्स लागतो, मारुतीच्या पारापुढे मंडप पडतो, तालुक्यातला एखादा निवेदक माइक घेतो. परतूर तालुक्यातल्या अशाच एका खेळात मी पुढे बसून टिपणं घेतली. आधी फुगा फुगवायचा, मग लिंबू-चमचा, मग संगीत खुर्ची, शेवटी उखाणा. अंतिम फेरीतल्या एका वहिनीला निवेदकाने नाव विचारलं. ती म्हणाली, "बाळूची आई." तो म्हणाला, "वहिनी, बाळूला नंतर बोलावू. तुमचं नाव?" मंडपात हशा झाला. मग तिने माइक स्वतःच्या हातात घेतला आणि आपलं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. तिसऱ्या क्रमांकाला स्टीलचा डबा होता, दुसऱ्याला कुकर. पैठणी तिला मिळाली.

नेसून झाल्यावर तिच्या जावेने पदर उलटा करून पाहिला. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. यंत्रमागावरच्या पदराला मागे सुटे धागे असतात. हिच्या पदरावर मोर होते, काठ नारळी, आणि मागे धागे होते. तरीही जाऊबाई म्हणाली, "रंग लई खुलतो बघ तुला." पैठण आमच्या अंबडच्या शेजारीच. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण हातमागाची अस्सल पैठणी गावच्या बक्षिसाच्या खर्चात बसत नाही. म्हणून मी साडीसाठी वेगळा रकाना ठेवला आहे: रंग, काठ, हातमाग की यंत्रमाग. या गावच्या खेळांची नोंद कुणाकडेच नसते. वाहिनीच्या कपाटात निदान टेप असेल, इथे फ्लेक्स दुसऱ्या दिवशी उतरतो आणि पुढे कुणाच्या तरी कडब्यावर झाकण म्हणून जातो.

एवढं जमवलेलं टिकायचं कसं, हाही प्रश्न आहेच. याहूने 'जिओसिटीज' ही फुकट पानं देणारी सेवा २००९ मध्ये बंद केली आणि जगभरच्या चाहत्यांची असंख्य पानं एका फटक्यात गेली. काही वाचली ती 'इंटरनेट आर्काइव्ह'सारख्या संस्थांनी आधीच प्रती करून ठेवल्या म्हणून. डोमेनचं वार्षिक शुल्क भरायचं राहिलं की मराठी संकेतस्थळंही अशीच जातात. त्यामुळे दिसायला देखणं करण्यापेक्षा माहिती साध्या तक्त्यात ठेवावी, कुठल्याही संगणकावर उघडेल अशा फाइलमध्ये. महिन्यातून एकदा प्रत काढावी, एक प्रत दुसऱ्या गावच्या माणसाकडे असावी, एक छापून ग्रंथालयात द्यावी. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे आणि तिथे मराठी कार्यक्रमांवर पानं आहेत, पण विश्वकोशात प्रत्येक वहिनीला जागा मिळणं शक्य नाही. ते काम अशा छोट्या संग्रहांनीच करायचं आहे.

जालन्यापुरतं पुढचं काम ठरलेलं आहे. येत्या संक्रांतीला आठही तालुक्यांतून निदान एका-एका गावचा खेळ टिपायचा. ज्यांच्या घरी किंवा गल्लीत 'होम मिनिस्टर' येऊन गेलं, त्यांच्याकडून चार गोष्टी हव्यात: अंदाजे महिना आणि वर्ष, गाव, निकाल, आणि मागे तारीख असलेला एखादा फोटो किंवा कात्रण असेल तर त्याची प्रत. महिना आठवत नसेल तर सण सांगितला तरी चालतो. भाग गौरी-गणपतीत दाखवला होता, की शेतात कापूस वेचणी चालू होती, एवढ्यावरूनही तारखेच्या बरंच जवळ जाता येतं.